पदरचे शब्द

माझा भाऊ मला काय म्हणाला, हे मला त्याच्या बायकोनं सांगायचं. ज्याला मी बोलायला शिकवलं त्याचं बोलणं मला ही कानामागून आलेली बाई समजावणार. आणि समजावलं काय, तर म्हणे, "ताई, हे म्हणतायत, रोज येत जाऊ नका. दमायला होतं त्यांना."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"असं म्हणाला तो?"

"हो ना."

"आत्ता तोंडातून दोन आवाज निघाले, त्यात हे सगळं होतं?"

"होतं, ताई," ती म्हणाली आणि टेबलावरची औषधं उगाचच सरळ लावायला लागली. नजर देत नव्हती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती पाल माझ्याकडे बरेच महिने मुक्कामालाच होती.

माझं कामच तसं आहे. कपड्यांच्या कारखान्यात शर्ट डब्यात जायच्या आधी शेवटच्या टेबलावर मी बसते. वरून सगळे शर्ट छान दिसतात. मी शर्ट उलटा करते आणि शिवण बघते. काखेत टाका सुटलेला असतो, कॉलरच्या आत दोरा लोंबत असतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणसं पण उलटी करून बघायची सवय लागते. धाकटा म्हणायचा, ताई, तू देवाला भेटलीस तरी आधी त्याची शिवण बघशील. हे तो बोलत होता तेव्हाचं.

आणि काय बोलायचा. घाऊक फळबाजारात लिलाव पुकारायचा तो. पेट्यांच्या ढिगावर उभा राहायचा आणि भाव असे सोडायचा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. लहानपणी हाच मुलगा बोलताना अडखळायचा, हे तिथे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं मला. पण अडखळायचा. पहिल्या अक्षरालाच अडकायचा, मान ताणायचा, डोळ्यांत पाणी यायचं. आई दिवसभर कामावर. मग मीच त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्याबरोबर बोलायची, दोघांनी एकदम. मी सोबत असले की गाडी सुटायची. शाळेत कविता म्हणायची असली की मी वर्गाच्या खिडकीखाली उभी राहून त्याच्याबरोबर हळूच म्हणायची. मोठा झाला तसं अडखळणं गेलं. त्यानंतर जो सुरू झाला तो मागच्या वर्षापर्यंत थांबला नाही.

मागच्या वर्षी डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात गेला, त्यामुळे लिहिणं गेलं. डोकं शाबूत, समजतं सगळं, पण जीभ जड झाली. शब्द आत तयार असतो, बाहेर येईपर्यंत त्याचा चिखल होतो. तो चिखल फक्त भावजयीला कळतो. डॉक्टरांना कळत नाही, शेजाऱ्यांना कळत नाही, मला कळत नाही. आणि तिला मात्र सगळं.

तो "आं" करायचा आणि ही त्याचा अर्ज वाचून दाखवायची. "ताई, बसा म्हणतायत." "ताई, बारीक झालात म्हणतायत, जेवता ना वेळेवर?" "ताई, कारखान्यातल्या नव्या पाळीचं कसं चाललंय विचारतायत." एवढुशा आवाजात एवढी चौकशी मावते कशी? आणि तिला सोयीचं तेही त्यातच मावायचं. टीव्ही बंद करा म्हणतायत. पाहुणे नकोत म्हणतायत. आता हे, ताई नको.

त्यात आणखी एक गोष्ट मला खटकत होती. मी आले की धाकटा गप्प व्हायचा. दोन-तीन आवाज काढायचा, माझ्याकडे बघायचा आणि तोंड मिटायचा. पण मी जिना उतरायला लागले की दाराआडून त्याचा आवाज यायचा. लांबलचक, न थांबता. म्हणजे बोलायचं होतं. मग माझ्यासमोर का नाही? तर ही समोर उभी असते म्हणून. डोळे वटारत असणार. मी कारखान्यातून सुटले की दुपारी तडक तिकडेच जायची आणि जेवण झाल्यावर त्याच्या खाटेशी बसून राहायची, की कधीतरी ही आत जाईल आणि तो मला खरं सांगेल. ती आत गेली तरी त्यानं कधी ब्र काढला नाही.

एकदा मी माझा फोन त्याच्या तोंडासमोर धरला. बोललेलं लिहून देतो ना तो. "बोल," म्हटलं, "तुला मी नको आहे का?" तो बोलला. फोननं जे लिहिलं त्याला शेंडा ना बुडखा. धाकट्यानं ते वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, आणि तेही भावजयीच्याच नावानं.

मग इस्पितळातल्या फळ्यावर एक कागद लावलेला दिसला. जड जिभेच्या माणसांचं बोलणं यंत्राला समजावं म्हणून एक प्रयोगशाळा काम करत होती, आणि त्यांना अशी माणसं हवी होती. इतरांना त्यात काय दिसलं असेल ते असो, मला साक्षीदार दिसला. यंत्राला नणंद-भावजय कळत नाही. ते ऐकेल तेच लिहील. मग बघू कोण कुणाला नको आहे ते.

मी घरी विषय काढला. वाटलं होतं, भावजय आढेवेढे घेईल. ती लगेच म्हणाली, "जाऊ या ना, ताई. बरंच होईल." इतक्या पटकन हो म्हटल्यावर मला अजूनच संशय आला.

प्रयोगशाळा म्हणजे एक बुटकी खोली होती. भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, दार लावलं की कानात दडे बसायचे. तिथे दोघं होते. एक तरुण इंजिनिअर, गळ्यात हेडफोन अडकवलेला. आणि एक बाई, वाचाशास्त्राच्या. माणूस बोलत असताना त्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या दातात काही अडकलंय. मी मनातल्या मनात त्यांचं नाव जिभेच्या बाई ठेवलं.

"त्याचा आवाज घेऊन तुम्ही पुढे काय करणार?" मी उभ्या उभ्याच विचारलं. "कुठे विकणार असाल तर आत्ताच सांगा."

"विकणार नाही," जिभेच्या बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येक वेळी आधी त्यांना विचारू. तुम्हाला नाही, त्यांना." मग त्या धाकट्याकडे वळल्या, त्याला सगळं सावकाश सांगितलं, आणि त्यानं मान हलवेपर्यंत थांबल्या. चांगला बराच वेळ थांबल्या. मला तेही खटकलं. इतका धीर असलेल्या माणसाला नक्की काहीतरी हवं असतं.

पोटातलं बाळ बघायला वापरतात तसलं यंत्र त्यांनी गार जेली लावून धाकट्याच्या हनुवटीखाली बसवलं. पडद्यावर एक पांढरी कमान दिसायला लागली. ती त्याची जीभ. तो बोलला की कमान हलायची.

"घरात मला म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा बघतेय ती कशी लागते ते."

"तेच तर अवघड काम आहे," जिभेच्या बाई हसल्या. "बघा, टोक वर जायला हवं तिथे अर्ध्यावर थांबतंय. मग मागचा भाग मदतीला धावतो. तुमच्या फोनमधल्या यंत्रानं फक्त धडधाकट जिभा ऐकल्यात, त्याला वाटतं हा गोंधळ आहे. पण गोंधळ नाहीये हा. जीभ चुकते, पण रोज तशीच चुकते. ती कशी चुकते ते यंत्राला दाखवलं, की त्यावरून ते मूळ शब्दापर्यंत पोचेल. तुमच्या भावजयीचे कान आज तेच करतायत."

पहिलं सगळं मला पटलं. शेवटचं वाक्य नाही पटलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. पडद्यावर एकेक वाक्य यायचं आणि धाकट्यानं ते वाचायचं. घरचं माणूस जवळ असलं की तो शांत राहील, म्हणून त्यांनी आम्हाला आत बसू दिलं. एकच माणूस पुरे होता, पण भावजयीला सोडून मी बाहेर जाणं शक्य नव्हतं. ती कोपऱ्यात बसली. मी त्याच्या अगदी खांद्याशी खुर्ची ओढून बसले, म्हणजे दोघांवरही नजर राहते. तो वाचायला लागला की मला धीर धरवायचा नाही. मागच्या अक्षरावरून पुढच्या अक्षरावर जाईल का, पडेल का, असं व्हायचं.

असं बरेच दिवस चाललं. एक दिवस इंजिनिअरनं पडदा आमच्याकडे वळवला. धाकटा वाचत होता आणि यंत्र लिहीत होतं, बरोबर, शब्दाला शब्द. इंजिनिअर खुशीत होता, म्हणाला, इतक्या लवकर कुणाचंच जमलं नव्हतं. भावजयीनं डोळे पुसले. धाकट्याचा चेहरा मात्र तसाच होता. मी विचारलं, "आता त्याला मनातलं बोलू द्या ना. मला एक प्रश्न विचारायचाय."

"आधी एक चाचणी," जिभेच्या बाई म्हणाल्या. "ते एकटे बोलतील. तुम्ही दोघी बाहेर बसा."

आम्ही बाहेर बसलो. थोड्या वेळानं दार उघडलं. जिभेच्या बाईंचा चेहरा पडलेला होता. यंत्रानं धाकट्याचं एकही वाक्य धड लिहिलं नव्हतं. माझ्या फोननं लिहिलं होतं तसलंच काहीतरी.

माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"मी म्हणत नव्हते?" मी भावजयीकडे वळले. "तू आत असलीस की यंत्राला सगळं कळतं, तू बाहेर आलीस की काही कळत नाही. कोपऱ्यात बसून तोंडातल्या तोंडात बोलत होतीस ना? घरी तेच करतेस, इथेही तेच. माझा भाऊ बोलतच नाहीये, तू बोलतेयस."

ती पांढरीफटक पडली. "ताई, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"जिभेला हाड नसतं. काहीही बोलता येतं."

धाकटा आत खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरून काहीतरी ओरडला. भावजय त्याच्याकडे धावली. तो काय ओरडला हे मी विचारलं नाही. तिनं सांगितलं तरी खरं कशावरून?

"आम्ही तपासतो," जिभेच्या बाई एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात निरोप आला. मी नवी साडी नेसून गेले, हेही सांगून टाकते. जिंकायला जाताना माणूस नीटनेटका असावा. जिभेच्या बाईंनी मला दारातच थांबवलं. "ताई, आधी आपण दोघीच बोलू या का?"

"अजिबात नाही. जे काय असेल ते सगळ्यांसमोर."

"नक्की?"

"नक्की." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी पडद्यावर धाकट्याची जीभ लावली, तीच पांढरी कमान. खाली आवाजाची पट्टी. "हे वाक्य बघा. इथे 'स' येतो. 'स' म्हणायचा तर टोक वर जायला हवं, हवा बारीक फटीतून सुटायला हवी. यांचं टोक उठलंच नाही, हे इथे खालीच आहे. पण आवाजात 'स' आहे, स्वच्छ. आम्ही ते नीट बघितलंच नाही, यंत्र पास होतंय म्हणून खूश झालो. जीभ उठली नाही आणि आवाज आला, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेचा आहे."

मी भावजयीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. आता कळेल हिला, असं मला वाटलं.

इंजिनिअरनं धाकट्याचा आवाज दाबून मागचा मोठा केला होता. त्यानं तो लावला. कुजबुज होती, बाईमाणसाची. धाकट्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर, किंबहुना जराशी आधीच, बोट धरून पुढे ओढत असल्यासारखी. क्षणभर मला आमच्या आईचा आवाज वाटला. आई जाऊन इतकी वर्षं झाली, ती इथे कशी, असा वेडगळ विचारही आला. मग धाकट्यानं डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तो माझा आवाज होता.

मी म्हटलं, शक्य नाही. मी म्हटलं, मी तोंड मिटून बसले होते. इंजिनिअरनं दुसरं वाक्य लावलं, मग तिसरं. सगळीकडे मीच. तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. भावजय उठली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिनं एक शब्दही ऐकवला असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही सुख तिनं दिलं नाही.

"चूक आमची आहे," जिभेच्या बाई म्हणाल्या. "आत कुणी बसायचं हे आम्ही बघायला हवं होतं. यंत्रानं सोपी वाट धरली. यांचा अवघड आवाज सोडून तुमची कुजबुज ऐकत बसलं." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "लहानपणी अडखळायचे का हे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या ओठांनी. अडखळणाऱ्या माणसाबरोबर कुणी एकसाथ बोललं की त्याचं अडखळणं सुटतं, हे आम्हीही बघतो. तुम्ही तेव्हा केलंत ते अगदी योग्य होतं. पण आता जीभ वेगळ्याच कारणानं अडते. तुम्ही सोबत बोललात की त्यांना तुम्हाला गाठायला धावावं लागतं. आधीच अवघड, त्यात धावायचं." त्यांनी पडद्यावर दोन पट्ट्या लावल्या. एक माझ्यासोबतची, सलग. दुसरी त्याच्या एकट्याची. त्यात मध्ये मध्ये रिकाम्या जागा होत्या. "तुम्ही नसलात की ते श्वास घेतात."

हे त्या साधेपणानं म्हणाल्या. पडदा बंद झाल्यावरसुद्धा मला त्या रिकाम्या जागा दिसत राहिल्या.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. आता आत फक्त धाकटा. यंत्राला त्याच्या जिभेची चित्रं दाखवणं, त्याचा एकट्याचा आवाज ऐकवणं, आणि थांबायला शिकवणं. तो श्वास घ्यायला थांबला की वाक्य संपलं असं समजायचं नाही, हे. आम्ही दोघी बाहेर बाकावर. एवढा वेळ भावजयीच्या शेजारी मी लग्नातसुद्धा बसले नव्हते. सुरुवातीला आमची अळीमिळी गुपचिळी होती. तिच्याकडे टाचलेली एक उशी होती, धाकट्याच्या हाताखाली ठेवायची. मी ती घेतली, उलटी केली. शिवण चांगली होती.

एक दिवस राहवेना. विचारलं, "तो खरंच म्हणाला होता, ताई, रोज येऊ नकोस?"

तिनं माझ्या हातातल्या उशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "अगदी तसंच नव्हते म्हणाले."

"म्हणजे?"

"मी जरा बदलून सांगितलं."

बघा. माझी पाल उगाच चुकचुकत नव्हती. इतके महिने मी ओरडत होते, बाई शब्द बदलते म्हणून, आणि ही आता शांतपणे कबूल करत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय म्हणाला होता मग?"

"मी नाही सांगणार, ताई. मी सांगितलेलं तुम्हाला खरं वाटत नाही. आता त्यांनाच विचारता येईल." असं म्हणून तिनं उशी माझ्या हातातून घेतली.

म्हणजे तो "ये" म्हणाला होता. मला दुसरा अर्थच लागेना. तो ये म्हणाला आणि हिनं येऊ नकोस केलं. घरी जाऊन मी आरशासमोर तोंड मिटून बसायचा सराव केला. यंत्रासमोर माझ्यामुळे घोळ व्हायला नको होता. पाच मिनिटं तोंड मिटून बसणं किती अवघड असतं ते करून बघा. ओठ आपोआप सुटतात.

शेवटी ते यंत्र धाकट्याच्या फोनमध्ये आलं. जिभेच्या बाई म्हणाल्या, सगळं बरोबर लिहील असं नाही, पण बरंचसं लिहील. मी दुसऱ्याच दिवशी गेले, नेहमीसारखी दुपारी. भावजयीनं दार उघडलं, मला आत घेतलं, आणि चहाचं निमित्त करून आत निघून गेली. स्वयंपाकघराचं दारसुद्धा ओढून घेतलं. इतकी खात्री होती तिला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

धाकटा उशीला टेकून बसला होता. फोन त्याच्यासमोर, पडदा माझ्याकडे. मी खुर्ची लांब ठेवली.

"माझ्यापासून आता काही लपवायचं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी तू काय म्हणाला होतास? तिनं बदललेलं नको. तुझे शब्द हवेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. पहिला आवाज आला आणि माझे ओठ हलायला लागले. मी पंजा तोंडावर दाबून धरला. तो थांबला. त्यानं श्वास घेतला. पुन्हा बोलला, पुन्हा थांबला. हाताखाली माझे ओठ धडपडत होते, त्याला ओढायला, ढकलायला, काहीही करून वाक्याच्या पलीकडे नेऊन ठेवायला. मी दुसरा हातही वर ठेवला.

फोनवर शब्द आले.

ताई आली की मी मुका होतो.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. यंत्र चुकलं असेल, असं म्हणायला तोंड उघडणार होते, पण तोंडावर माझेच दोन हात होते. आणि त्याचा चेहरा समोर होता. तो चुकलेला चेहरा नव्हता. किती महिने हे वाक्य घेऊन तो बसला होता, आणि मी त्याच्या खाटेशी बसून त्याचीच वाक्यं त्याच्या आधी संपवत होते.

म्हणजे तिनं पदरचं घातलं होतं ते हे. "दमायला होतं त्यांना" हे तिचं. आणि मग बाकीचं कुणाचं? बसा म्हणतायत, बारीक झालात म्हणतायत, जेवता ना वेळेवर, कारखान्यातल्या पाळीचं कसं चाललंय. तो माझ्यासमोर बोलतच नव्हता. मग रोज दुपारी माझी चौकशी कोण करत होतं? मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

मी उठले. पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला. मी वळले नाही. वळले असते तर ओठ हलले असते. मी दाराच्या कडीकडे बघत उभी राहिले आणि ऐकलं. एक आवाज. मग बराच वेळ काही नाही. पंखा फिरत होता. मग आणखी एक आवाज. त्यानं संपवेपर्यंत मी तशीच उभी होते, आणि तो जे म्हणाला ते मला कळलं असं वाटलं. पण माझ्या कानांवर माझा भरवसा राहिला नव्हता. मी परत येऊन फोन बघितला.

उद्या ये.

फोनवरही माझा भरवसा नव्हता. यंत्र एकदा फसलेलं होतं, मीच फसवलेलं. मी पिशवी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं. भावजय चहा गाळत होती.

"आत्ता तो काय म्हणाला, ऐकलंस का गं?"

"ऐकलं."

"काय म्हणाला?"

तिनं गाळणं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "उद्या या म्हणाले, ताई. संध्याकाळी या म्हणाले, दुपारची झोप झाल्यावर."

संध्याकाळी हे तिनं पदरचं घातलं होतं. फोनवर तसं काही नव्हतं, आणि मीही ऐकलं नव्हतं. मी कप उचलून धाकट्याला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळीच गेले.